ओढ्यापलीकडचा गुलमोहर

नदीकाठच्या रस्त्यावर सकाळी फिरायला गेलं की रोज कुणीतरी थांबवून माझं कौतुक करतं. "बाई, काय सुंदर केलंत हो," म्हणतात. करंज माणसाच्या डोक्यावर गेलेत, निर्गुडीला निळसर तुरे आलेत, पाण्याच्या कडेला वाळुंजानं मूळ धरलंय. मी हसते, "सगळ्यांचंच काम आहे," म्हणते आणि पाय उचलते. लोकांना वाटतं, बाई विनयानं बोलतायत. मला ओळखणाऱ्यांनी तरी असा समज करून घेऊ नये, विनय माझ्या अंगाला कधी लागलेला नाही. मला तिथं उभं राहवत नाही, एवढंच खरं. त्या रस्त्याच्या कामात मी एका माणसाच्या बायकोचं झाड उपटायला लावलं, आणि ते उपटलं जावं म्हणून चारचौघांत खोटं बोलले. गावात हे दोघांनाच माहीत आहे, एक मला आणि एक त्यांना.

मी हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले तरी हातातला लाल पेन सुटला नाही. लग्नपत्रिका आली तरी आधी शुद्धलेखन तपासते, मग मुहूर्त बघते. वडाला पिंपळ म्हणणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. त्यातलीच काही पोरं आता नगरसेवक झालीत आणि मला बघितलं की अजून तोंडातली पुडी कुठं थुंकावी ते त्यांना कळत नाही. याचा मला आनंद व्हायचा, हेही सांगून टाकते.

आमचं गाव प्रवरेच्या काठावर. गावाची हद्द एका ओढ्यापाशी संपते. ओढ्याच्या अलीकडे आमची नगरपंचायत, पलीकडे शेजारच्या गावाची ग्रामपंचायत. ओढ्यात मेलेलं कुत्रं सापडलं तर ते कुणाच्या हद्दीत मेलं यावर दोन्हीकडचे कर्मचारी दुपारपर्यंत वाद घालायचे, आणि तोवर कावळेच निकाल लावून मोकळे व्हायचे. अशा दोन संस्थांनी मिळून नदीकाठानं पायवाट करायची आणि दोन्ही बाजूंना देशी झाडं लावायची, असं ठरलं. प्रेमानं नव्हे. दोघांनी संयुक्त ठराव केला तरच काम मंजूर होणार होतं. फलकावर आधी कुणाचं नाव, यातच दोन बैठका गेल्या. शेवटी नगरपंचायतीचं नाव वर आणि ग्रामपंचायतीचं मोठ्या अक्षरात, असा तोडगा निघाला. तिसऱ्या बैठकीत झाडं कोणती लावायची हा विषय आला आणि तो दोघांनाही येत नसल्यामुळे मला बोलावणं आलं.

मुख्याधिकारी माझ्या मुलाच्या वयाचे. ते म्हणाले, "मॅडम, या विषयात तुमच्याइतकं जिल्ह्यात कुणाला कळत नाही." सरपंचांनी मान डोलावली. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले ती चढलेच. रात्र बघितली नाही की दिवस, दोन याद्या करून टाकल्या. लावायच्या झाडांची एक: करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, वाळुंज, निर्गुडी, काठाला वाळा. काढायच्या परदेशी झाडांची दुसरी: सुबाभूळ, निलगिरी, ग्लिरिसिडिया, रेन ट्री, गुलमोहर. बैठकीत मी बजावलं की यादी म्हणजे यादी, एकाला सवलत दिली की दहा जण रांगेत उभे राहतात. दोन्ही संस्थांनी ठराव एकमतानं मंजूर केला. ओढ्याच्या दोन्ही बाजूंचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ असावी, आणि तेही माझ्या शब्दावर. मी घरी येऊन स्वतःसाठी शिरा केला.

आता मामांबद्दल सांगायला हवं. मामा म्हणजे ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे. त्यांना सगळेच मामा म्हणतात. ते मूळचे पाथर्डीकडचे. बऱ्याच वर्षांपूर्वी टोळीबरोबर ऊस तोडायला बैलगाडी घेऊन इकडच्या कारखान्यावर आले होते, बायको आणि लहान मुलगी बरोबर. हंगाम निम्म्यावर असताना बायको तापानं गेली. गाव लांब, जवळ कुणी नाही, म्हणून इथंच आमच्या घाटावर तिला अग्नी दिला.

त्या काळात माझं एक वेड होतं. आमच्याकडे दहाव्याला घाटावर भाषणं होतात, पुढारी येतात, माईक असतो. मीही तो माईक धरायचे. राख नदीत सोडू नका, पाणी घाण होतं, खड्ड्यात घाला आणि त्यावर झाड लावा, असं सांगायचे. सुरुवातीला लोक हसले, मग हळूहळू ऐकू लागले. बागायतदारांनी आपापल्या बांधावर खड्डे घेतले, कुणी आंबा लावला, कुणी नारळ. ज्याला बांधच नाही त्यानं काय करायचं, हा विचार माझ्या भाषणात नव्हता. मामांनी तो माझ्यासमोर आणून उभा केला. तिसऱ्या दिवशी राख सावडायला चार माणसं आली होती. शाळा घाटाला लागूनच, म्हणून मी खिडकीतून बघितलं आणि खाली गेले. मामांनी माझं भाषण कुणाच्या तरी दहाव्याला ऐकलेलं होतं. ते म्हणाले, "बाई, आमी कुठं खड्डा घ्यायचा?" मी ओढ्यापलीकडची काठाची मोकळी सरकारी जागा दाखवली आणि शाळेच्या रोपवाटिकेतून एक रोप आणून पायरीवर बसलेल्या मुलीच्या मांडीवर ठेवलं. गुलमोहराचं होतं. तेव्हा रोपवाटिकेत गुलमोहर आणि सुबाभूळ एवढंच असायचं. देशी काय आणि परदेशी काय, तेव्हा मीही कुठं विचार करत होते. मुलीला म्हणाले, "उन्हाळ्यात लालभडक फुलतं बघ. आई दिसेल."

हंगाम संपला, कारखान्याचा पट्टा पडला, टोळी परत गेली. मामांनी बैल भावाबरोबर गावाकडे पाठवले आणि मुलीला घेऊन इथंच राहिले. झाड जगेपर्यंत थांबतो म्हणाले, ते कायमचेच थांबले. रोज डब्यानं पाणी घालणारा माणूस पंचायतीच्या नजरेत आला आणि त्यांना गावच्या पाण्याचं काम मिळालं. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन पुन्हा पाथर्डीकडेच गेली. आता ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जाते. दरवर्षी दिवाळीनंतर त्यांच्या टोळीचा ट्रॅक्टर इकडूनच जातो. ती ट्रॅक्टर थांबवायला लावते, काठावर येते, झाडाच्या बुंध्याला कपाळ टेकवते आणि पुढं जाते. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणायला मला जागा नाही.

झाडांवर खुणा करायचा दिवस ठरला तो मे महिन्यातला. मुख्याधिकारी, सरपंच, ठेकेदार आणि मी. जे झाड काढायचं त्यावर मी लाल रंगानं फुली मारायची. रंगाचा डबा मामांच्या हातात. मी ब्रश बुडवायचे, फुली मारायचे, "पुढे," म्हणायचे. चुकलेल्या उत्तरावर फुली मारताना हाताला जी लय यायची ती अगदी तशीच आली होती.

ओढा ओलांडला आणि पहिलंच झाड लागलं ते सरपंचांच्या वडिलांच्या नावाचं. मोठा रेन ट्री, खाली सिमेंटचा कट्टा, त्यावर नावाची फरशी. मी थांबले. सरपंच गालात हसत म्हणाले, "बाई, वडलांचं हाय. बघा काय ते." मी म्हणाले, "राहू द्या. सावली तरी देतोय लोकांना." सगळे हसले. यादी म्हणजे यादी असं म्हणणारी मीच, आणि पहिल्याच झाडाला मी सवलत देऊन बसले. ते मला लागलं. मुख्याधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, तेही मला दिसलं. पुढच्या झाडाला दाखवते यादी म्हणजे काय, असं मनात आलं.

पुढचं झाड गुलमोहराचं होतं. ऐन बहरात. खाली जमीन पाकळ्यांनी लाल झाली होती. मी मागं हात केला, "मामा, डबा." डबा आला नाही. वळून बघितलं तर मामा चार पावलं मागं थांबलेले.

"बाई, एवढं राहू द्या," ते म्हणाले.

"का?"

"पोरीची आई हाय याच्याखाली."

सरपंच नदीकडे बघू लागले. त्यांना बोलता आलं असतं, पण त्यांचं झाड नुकतंच सुटलं होतं. मी माझा वर्गातला आवाज काढला. म्हणाले, मामा, भावना समजतात, पण हे झाड आपलं नाही, बाहेरून आलेलं आहे, फांद्या ठिसूळ असतात, वाऱ्यात मोडून कुणाच्या डोक्यात पडेल, आपण इथं छान करंज लावू. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग जवळ येऊन, फक्त मलाच ऐकू यावं इतक्या हळू म्हणाले, "तुमीच दिल्तं, बाई. शाळेतनं."

पण मुख्याधिकाऱ्यांचे कान तरुण. ते हसून म्हणाले, "काय मॅडम, तुम्ही दिला होता गुलमोहर?" त्यांच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. गंमत म्हणूनच विचारलं त्यांनी.

मला सगळं आठवलं होतं. मामांनी तोंड उघडायच्या आधीपासून आठवत होतं. ती मुलगी, तिचे बिनतेलाचे केस, मांडीवरची काळी पिशवी, मी काय बोलले तेसुद्धा. आणि मी म्हणाले, "छे, मी कशाला गुलमोहर देईन? दुसऱ्या कुणीतरी दिला असेल. मामांची गल्लत होतेय."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग डबा पुढं केला. मी ब्रश बुडवून फुली मारली. हात जरासुद्धा हलला नाही, आणि आज मला त्याचीच जास्त लाज वाटते.

आठवड्यानं जेसीबी आला. मी छत्री घेऊन हजर, हातात यादी, निघालेल्या झाडापुढे बरोबरची खूण करत होते. मामांनी त्या दिवशी सुट्टी घेतली नव्हती. आधी फांद्या उतरवल्या, मग खोड पाडलं, मग खोडाचा बुंधा मुळासकट उपसला. मामांनी टोपी काढून काखेत धरली होती. बुंधा निघाल्यावर त्यांनी जेसीबीवाल्याला एवढंच विचारलं, "माती कुठं टाकनार?" तो म्हणाला, "भरावाला." ओढ्याजवळ पायवाट खचली होती, तिथं भर घालायची होती. सगळ्या बुंध्यांखालची माती तिथंच चालली होती. एक पाटी माती बाजूला काढून ठेवा, एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता. पण ते म्हणायचं तर आदल्या आठवड्यात मी खोटं बोलले हे कबूल करायला लागलं असतं, असं मला वाटलं. ट्रॉली भरली, गेली, माती पसरली, वरून रोलर फिरला.

पावसाळ्यात झाडं लावली. गुलमोहराच्या जागी मी स्वतःच्या हातानं करंज लावला आणि तेवढ्यावर मनात हिशेब मिटवून टाकला. उद्घाटनाला दोन्ही संस्थांनी मला शाल आणि नारळ दिला. मामा सगळ्या झाडांना पाणी घालत होते, त्या करंजालाही. त्यांनी कधी एका झाडाला जास्त आणि दुसऱ्याला कमी घातलं नाही. रस्ता जगला तो त्यांच्यामुळे, माझ्या यादीमुळे नाही.

मी रोज फिरायला जात होते. एक गोष्ट काही दिवसांनी लक्षात आली. मामा खांद्यावर पाइप घेऊन पायवाटेनं येत, ओढ्यापाशी आले की खाली उतरत, काठच्या चिखलातून वीस-पंचवीस पावलं जात आणि मग पुन्हा वर येत. रोज, जाताना आणि येताना. गुडघ्यापर्यंत पाय भरलेले. एक दिवस माझा स्वभाव आडवा आला. मी त्यांना हटकलं, "मामा, एवढा चांगला रस्ता केलाय आपण, आणि तुम्ही चिखलातून कशाला जाता?"

ते म्हणाले, "तिच्यावर पाय कसा द्यायचा, बाई?"

मी भरावाच्या मधोमध उभी होते. पायात मुलानं पुण्याहून पाठवलेले फिरायचे बूट. रोज सकाळी मी तिथूनच जात-येत होते, कधीकधी तर तिथंच थांबून हात-पाय मोकळे करत होते. मी बाजूला सरकले, पण सरकून कुठं उभं राहायचं ते कळेना. "बरं," असं काहीतरी म्हणून घरी आले आणि दोन दिवस बाहेर पडले नाही.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, की त्यांना खरं सांगायचं. प्रामाणिकपणानं लिहायचं तर त्यात मामांचं भलं नव्हतं. मला हलकं व्हायचं होतं. मी कबूल करेन, ते "जाऊ द्या बाई" म्हणतील, आणि मला पुन्हा रस्त्यावरून चालता येईल, असा माझा बेत होता. दसरा नुकताच झाला होता. मामा करंजाचं आळं नीट करत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मामा, तो गुलमोहर मीच दिला होता. त्या दिवशी मला आठवत होतं. साहेबांसमोर कमीपणा वाटला, म्हणून नाही म्हणाले."

त्यांच्या हातातलं खुरपं थांबलं. "आठवत हुतं?"

"हो."

त्यांनी आळ्यातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मग म्हणाले, "मला वाटलं, तुमी इसरल्या. लई पोरं शिकवली, लई झाडं वाटली, मानूस इसरतंय. पोरीला बी फोनवर तेच सांगितलं. लई रडली ती. म्हनली, बाईंनी असं कसं केलं. म्हनलं, वय झालंय त्यांचं, ध्यानात न्हाई ऱ्हात, त्यान्ला बोल लावायचा न्हाई." त्यांनी खुरपं झटकलं. "ती येईल आता दिवाळी झाल्यावर. तिला काय सांगू?"

ते "जाऊ द्या" म्हणाले नाहीत. मी येईपर्यंत त्यांच्याजवळ माझ्याबद्दल एक बरा समज होता, तोच त्यांना पुरत होता, आणि तो मी माझ्या सोयीसाठी काढून घेतला. जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेल्या बाईला एका साध्या प्रश्नाचं उत्तर येईना. मी तशीच परत फिरले.

दिवाळीनंतर टोळीचे ट्रॅक्टर रस्त्यानं जायला लागले. मी खिडकी बंद ठेवत होते. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दार वाजलं. दारात एक बाई उभी. डोक्यावर पदर, हाताला कोयत्याचे घट्टे, पिशवीत करंज्या आणि चकल्या. चेहऱ्यावरून मी तिला लगेच ओळखलं. तिची आई कशी दिसायची मला माहीत नाही, पण ती मामांसारखी दिसत होती.

ती आत आली, माझ्या पाया पडली, आणि मोठ्यानं, लहान मुलाशी किंवा बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "बाई, वळखलं का? न्हाई वळखायच्या तुमी. आबा म्हनले, बाईंना आता कायबी आठवत न्हाई, जाऊन भेट, पर झाड तोडल्याचं काय बोलू नको, त्यान्ला वाईट वाटंल."

मामांनी तिला तेच सांगितलं होतं. सगळं कळल्यावरही, पुन्हा तेच.

मी काही बोलायच्या आत तिनं माझा हात हातात घेतला. म्हणाली, "मी लहान हुते तवा तुमी मला एक झाड दिल्तं. माझ्या मांडीवर ठिवलं. म्हनलात, उन्हाळ्यात लाल फुलंल, आई दिसंल. अन् खरंच फुलायचं बाई, लई फुलायचं." बाहेर ट्रॅक्टरचा भोंगा वाजत होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मला यातलं थोडं तरी आठवतंय का ते शोधत.

मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "असं का?"